मतपेटी आणि मनोदेवता

निवडणुकींत नेमस्ताची सरशी होते कीं जहालाची, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ हिशेबाचा वाटतो. परंतु मत देणाऱ्या सज्जनापुढें तो धर्मसंकट होऊन उभा राहतो. मनास पूर्णपणें पटलेल्या परंतु खात्रीनें पडणाऱ्या उमेदवारास मत द्यावें, कीं अर्धवट पटलेल्या परंतु निवडून येण्याजोग्यास? अमेरिकेच्या इतिहासांतील एक प्रकरण या बाबतींत विचार करण्यासारखें आहे.

१८४० सालीं गुलामगिरीच्या कट्टर विरोधकांनीं लिबर्टी पक्षातर्फें जेम्स बर्नी यांस अध्यक्षपदासाठीं उभें केलें. साऱ्या देशांत त्यांस सुमारें ७ हजार मतें पडलीं. १८४४ सालीं तींच मतें ६२ हजारांच्या घरांत गेलीं. परंतु त्या वर्षीं न्यूयॉर्क संस्थानांत हेन्री क्ले हे जेम्स पोक यांजकडून सुमारें ५ हजार मतांनीं हरले, आणि तेथें बर्नी यांस १५ हजारांहून अधिक मतें होतीं. त्यांतील एक तृतीयांश जरी क्ले यांजकडे वळतीं, तरी तें संस्थान आणि त्याबरोबर अध्यक्षपदहि क्ले यांस मिळतें. क्ले स्वतः गुलामांचे धनी होते, हें खरें. तथापि टेक्सास घाईनें जोडून घेण्याच्या ते विरुद्ध होते. पोक विजयी झाले. १८४५ सालीं टेक्सास संघराज्यांत आलें आणि गुलामगिरीचें क्षेत्र वाढलें.

उलट १८६० सालीं रिपब्लिकन पक्षानें सीवर्ड यांस बाजूस सारून लिंकन यांस उभें केलें. ते अधिक नेमस्त समजले जात, हें त्याचें एक कारण होतें. असलेली गुलामगिरी मोडूं, असें ते म्हणत नव्हते. नव्या प्रदेशांत ती पसरूं नये, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. चौघांच्या झुंजींत ४० टक्क्यांहून किंचित् कमी मतें मिळवून ते अध्यक्ष झाले. आणि यादवी युद्धाअंतीं, १८६५ सालीं, तेराव्या घटनादुरुस्तीनें गुलामगिरी नष्ट झाली.

मग नेमस्तांचेंच खरें काय? येथें घाई करूं नये. त्या ७ हजारांसारख्या माणसांनीं सर्वांस वेडगळ वाटणारी मागणी मांडली नसती, तर वीस वर्षांनीं लिंकन यांची भूमिका नेमस्त ठरली असती काय? नेमस्तपणाची जागा स्थिर नसते. ती कोणीतरी पुढें सरकवावी लागते.

जहालाचा दोष हा कीं, आपलें मन निर्मळ ठेवण्याचें मोल कोण देतो हें तो पाहात नाहीं; टेक्सासांत तें गुलामांनीं दिलें. नेमस्ताचा दोष हा कीं, आज जेवढें साधतें तेवढेंच न्याय्य, असें तो मानूं लागतो. म्हणून आम्हांस असें वाटतें कीं, मत देतांना त्याचें फळ ज्यास भोगावें लागणार त्याच्याकडे पाहावें; आणि वर्षाच्या उरलेल्या दिवशीं सत्य अर्धें बोलूं नये.

१८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केलें. त्या कृतज्ञतेंत बर्नी यांच्या मतदारांचा वाटा किती आणि लिंकन यांच्या मतदारांचा किती, हें निवडून दाखविणें कोणास साधेल?