आधी भाकर, मग हप्ता

ऋणकोला हप्ते बांधून देणे ही केवळ हिशेबाची बाब आहे की नीतीचीही? बँकांत व पतपेढ्यांत कर्जदारांची खाती आता संगणक सांभाळतो. हप्त्याची तारीख, रक्कम, थकबाकीचे दिवस हे सारे तो चोख मोजतो. ९० दिवसांहून अधिक थकले की सर्वसाधारण कर्ज अनुत्पादक ठरते. यंत्राने मोजावे, यात गैर काही नाही. पण हप्ता किती असावा, हे यंत्राला सांगणारा माणूसच असतो आणि नीतीचा प्रश्न तेथेच उभा राहतो.

मत्तयाच्या १८ व्या अध्यायातील निर्दय चाकराचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. त्यातील मूळ ग्रीक आकडे पाहावेत. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. त्या चाकराचे देणे १०,००० तालांतांचे होते. सारी मजुरी रोज दिली, तरी ते फिटण्यास सुमारे १ लाख ६४ हजार वर्षे लागतील! असे देणे हप्त्यांनी फिटत नाही. ते माफच व्हावे लागते. त्याच्या सोबत्याचे देणे मात्र १०० दीनारांचे. मजुरीचा चौथा हिस्सा बाजूला काढला असता, तर ते ४०० दिवसांच्या कामात फिटले असते. दोघांनी मागितली ती मुदतच. राजाने मुदतीऐवजी माफी दिली. माफी मिळालेल्याने फिटण्याजोग्या देण्याला मुदतही नाकारली. मुदत ही दयेची सर्वांत खालची पायरी आहे. तिच्यावरही तो उभा राहिला नाही.

कोणी विचारील, वसुली बुडाली तर ठेवीदाराचे काय? आक्षेप रास्त आहे. पतपेढीतील पैसा विधवेचा व निवृत्त शिक्षकाचाही असतो. घेतलेले फेडणे हे ऋणकोचे कर्तव्यच होय. परंतु न पेलणारा हप्ता ठेवीदाराच्याही हिताचा नसतो. तो भरण्यासाठी ऋणको दुसऱ्या सावकाराचे दार ठोठावतो. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. पुढे १८७९ च्या कायद्याने दख्खनच्या शेतकऱ्यांना हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायालयास दिला. आजही अल्पमुदतीच्या पिकांसाठीच्या कर्जाची थकबाकी दिवसांवर नव्हे, तर हंगामांवर मोजतात. कारण पीक हाती आल्यावाचून शेतकरी देणार कोठून?

मग हप्त्याचे माप कोणते? मत्तयाने नोंदवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतील क्रम पाहा. प्रथम रोजची भाकर, त्यानंतर ऋणांची माफी. आणि तेथे मूळ शब्द ऋण हाच आहे. मोशेच्या नियमशास्त्रातही हाच विचार दिसतो. गरिबाचे गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे; त्याचे जाते तर गहाण घेऊच नये. धनकोचा हक्क शास्त्राला मान्य आहे, पण ऋणकोच्या भाकरीनंतर.

आपण पतपेढीच्या समितीवर असाल, मंडळीच्या निधीतून उसने देत असाल किंवा घरकाम करणाऱ्या बाईंची उचल पगारातून कापत असाल; आकडा लिहिण्यापूर्वी एवढेच विचारा : हा हप्ता भरल्यावर त्या घरच्या चुलीसाठी काय उरेल? संगणकात या प्रश्नाला रकाना नसेल, तर त्याचे उत्तर आपण स्वतः त्या घरी जाऊन घ्यावे आणि मगच हप्ता ठरवावा.