सहा तोंडांचा व्हॉल्व्ह

सुरुवात बंद करण्यापासून करायची आहे. समोर गॅस क्रोमॅटोग्राफ आहे. प्रयोगशाळेत त्याला कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही, नुसतं जीसी म्हणतात. काम ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं. तेलात विरघळलेले वायू बाहेर काढायचे, यंत्रात सोडायचे आणि हायड्रोजन किती, मिथेन किती, इथिलीन किती, ॲसिटिलीन किती ते वाचायचं. नमुना आत सोडणारा सहा तोंडांचा व्हॉल्व्ह झिजला आहे, तो आज बदलायचा. नवा व्हॉल्व्ह डबीत आहे. डबी अजून उघडू नका.

आधी डिटेक्टरच्या फिलामेंटचा प्रवाह बंद करा. मग हायड्रोजन बंद करा, दुसऱ्या डिटेक्टरची ज्योत विझू द्या. ओव्हन खाली आणा. कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइडचं मिथेन करून देणारी निकेलची नळी साडेतीनशेच्या वर तापलेली असते, तीही निवू द्या. आणि या सगळ्या वेळात नमुना वाहून नेणारा आर्गॉन मात्र चालू ठेवा. तार, निकेल, वायू वेगळे करणारा कॉलम, यातल्या कशालाच गरम असताना हवा लागलेली चालत नाही. त्यांनी वायूच्या आडोशालाच थंड व्हायचं.

आता करण्यासारखं काही नाही. पडद्यावरचा आकडा उतरतो आहे आणि हात रिकामे आहेत. या रिकाम्या हातांकडे थोडं लक्ष द्या. ते पान्याकडे सरकतात, डबीकडे सरकतात. माझं मत विचाराल तर व्हॉल्व्ह बसवताना जे बिघडतं ते पान्यानं नाही, या अर्ध्या-पाऊण तासात बिघडतं. ओव्हन ऐंशीवर असतानाच कुणीतरी ‘चालतंय’ म्हणून पहिला नट सोडतो. त्याची शिक्षा लगेच मिळत नाही, म्हणून तर ती सवय टिकते.

थांबलाच आहात तर डोळे मिटा आणि व्हॉल्व्हचं आतलं अंग समोर आणा.

एक स्थिर तुकडा, स्टेनलेस स्टीलचा. त्याच्या गुळगुळीत तोंडावर वर्तुळात सहा भोकं, एकेक जेमतेम ०.४ मिलिमीटरचं. त्याला टेकून एक फिरता तुकडा, रोटर. तो उष्णता सोसणाऱ्या कडक पॉलिमरचा. त्याच्या तोंडावर तीन छोट्या वाकड्या खाचा. प्रत्येक खाच शेजारच्या दोन भोकांना जोडते. रोटर साठ अंश फिरला की जोड्या बदलतात. एका स्थितीत नमुना ठरलेल्या मापाच्या नळीत, म्हणजे लूपमध्ये, भरत राहतो आणि आर्गॉन त्याला वळसा घालून थेट कॉलमकडे जातो. दुसऱ्या स्थितीत तोच आर्गॉन लूपमधून शिरतो आणि आतला नमुना पुढे ढकलतो. बस्स, एवढंच. मोजायचं ते माप लूपचं, बाकी सगळं वळणं घेणं.

आता त्या दोन तोंडांच्या मधोमध जा. तिथं वॉशर नाही, रबर नाही, ग्रीस तर नाहीच. दोन घासून सपाट केलेले पृष्ठभाग आणि मागून दाबणारी स्प्रिंग. दाब इतका हवा की वायू निसटू नये, आणि इतकाच हवा की रोटर फिरावा. तो कारखान्यात ठरवून दिलेला असतो. आपण तो वाढवून काही सुधारत नाही, फक्त पॉलिमर लवकर झिजवतो.

या जागी दोन प्रकारची गळती होऊ शकते. दोन्हींपाशी थोडा वेळ थांबू.

पहिली आतली. एका खाचेतून शेजारच्या खाचेत. नळी कापताना राहिलेला स्टीलचा एखादा कण वायूबरोबर येतो, दोन तोंडांमध्ये सापडतो, आणि रोटर फिरला की त्याच्या तोंडावर चरा ओढतो. चरा दोन खाचांच्या मधल्या पट्टीवर पडला की झालं. बाहेर काही कळत नाही. दाबाचा काटा जागेवर, प्रवाह बरोबर, कुठं आवाज नाही. फक्त कालच्या नमुन्यातलं थोडं आजच्या नमुन्यात उतरतं. ब्लँक, म्हणजे मोजायचे वायू नसलेला नमुना, लावला तर जिथं सरळ रेघ हवी तिथं एक बुटका उंचवटा दिसतो. ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत हा उंचवटा फार महागात पडतो. ॲसिटिलीन तेलात सहजासहजी तयार होत नाही. त्याला सातशे-आठशे अंशांच्या वरची उष्णता लागते, म्हणजे बहुतेक वेळा आत ठिणगी उडालेली असते. दहा लाखांत दोन-चार भाग ॲसिटिलीन नव्यानं दिसलं तरी माणसं अस्वस्थ होतात. आणि ते दोन-चार भाग आदल्या नमुन्याचे असतील तर?

दुसरी गळती बाहेरची, आणि मनन करण्यासारखी खरी हीच आहे.

सगळ्यांना वाटतं, आत दाब जास्त आहे, तेव्हा गळलंच तर आतलं बाहेर जाईल, बाहेरचं आत कसं येईल? ऐकायला अगदी पटतं. पण वायू एकूण दाब बघत नाही. प्रत्येक वायू फक्त आपापल्या हिश्श्याचा दाब ओळखतो. बाहेरच्या हवेत नायट्रोजन ७८ टक्के आहे, ऑक्सिजन जवळजवळ २१. आत शुद्ध आर्गॉन, म्हणजे नायट्रोजन शून्य, ऑक्सिजन शून्य. नायट्रोजनच्या दृष्टीनं आतली बाजू रिकामी आहे. बारीक भेगेतून आर्गॉन बाहेर पडत असतो आणि त्याच भेगेतून नायट्रोजनचे रेणू उलटे आत शिरत असतात. एसटीतून उतरणाऱ्यांच्या रेट्यातून वाट काढत जागा धरायला आत चढणारा कुणीतरी असतोच, तसं.

हे एकदा मनात नीट बसू द्या. भेग एकाच दिशेची नसते. आतला दाब वाढवून बाहेरची हवा थोपवता येते हा समज सोडून दिला की मग नटाकडे बघण्याची नजर बदलते.

आणि तेलाच्या कामात ही आत आलेली हवा लपून बसते. दुसऱ्या एखाद्या कामात नायट्रोजनचा पीक, म्हणजे उंचवटा, दिसला की लगेच शंका येते. इथं मात्र नायट्रोजन आणि ऑक्सिजन तेलात मुळातच असतात. हवेला उघड्या राहिलेल्या खनिज तेलात आकारमानाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवा विरघळलेली असते. ओळखायचं असेल तर गुणोत्तर बघावं लागतं. ऑक्सिजन तेलात नायट्रोजनपेक्षा जास्त विरघळतो, म्हणून हवेनं भरलेल्या तेलात ऑक्सिजन भागिले नायट्रोजन सुमारे ०.५ येतं. मोकळ्या हवेत तेच ०.२७. भेगेतून आलेली हवा आकडा ०.२७ कडे ओढत नेते. इकडे ट्रान्सफॉर्मर आत तापून तेल आणि इन्सुलेशनचा कागद ऑक्सिजन खाऊ लागले तरी आकडा खालीच येतो. दोष यंत्राच्या नटात आणि संशय ट्रान्सफॉर्मरवर, असं होऊ शकतं.

ओव्हन अजून पन्नासच्या खाली आलेला नाही. तेवढ्यात याच आर्गॉनची एक गोष्ट.

१८९२ मध्ये लॉर्ड रेले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून ऑक्सिजन काढून टाकून उरलेला नायट्रोजन आणि अमोनियाच्या मदतीनं मिळवलेला नायट्रोजन, यांत हजारात एक इतका फरक निघत होता. एवढा फरक कुणीही गळतीच्या, अशुद्धीच्या नावावर टाकला असता. रेले यांनी ‘नेचर’मध्ये पत्र छापून रसायनशास्त्रज्ञांना विचारलं, याचं कारण काय असेल? मग त्यांनी रासायनिक नायट्रोजनमधला हवेचा अंश पूर्ण काढून टाकला. फरक कमी व्हायला हवा होता. तो पाचपट झाला, दोनशेत एक. काचेच्या एकाच गोळ्यात हवेतला नायट्रोजन भरला की त्याचं वजन २.३१० ग्रॅम, रासायनिक भरला की २.२९९. अकरा मिलिग्रॅम. हलका हायड्रोजन कुठून तरी मिसळतोय का, हे बघायला त्यांनी मुद्दाम हायड्रोजन मिसळून पाहिला. वायू आठ महिने साठवून पुन्हा तोलला. अकरा मिलिग्रॅम हलले नाहीत. १८९४ मध्ये त्यांनी आणि विल्यम रॅम्झे यांनी जाहीर केलं की हवेत आजवर कुणी न ओळखलेला एक वायू आहे. तोच आर्गॉन, हवेतला जवळजवळ एक टक्का. त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी, १७८५ मध्ये, हेन्री कॅव्हेंडिश यांच्या नळीत सगळ्या प्रक्रिया करूनही एक छोटा बुडबुडा उरला होता. त्यांनी तो मापून लिहून ठेवला.

आज तोच वायू आपल्या सिलिंडरमधून येतो. गंमत अशी की आर्गॉन वाहत असताना हवेतला आर्गॉन या यंत्राला दिसतच नाही.

तापमान उतरलं. आता आर्गॉन बंद करा, दाब शून्यावर येऊ द्या, आणि काटा शून्यावर आल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

जुन्या व्हॉल्व्हची मूठ कोणत्या स्थितीत आहे ते आधी टिपून घ्या. नवा त्याच स्थितीत बसला नाही तर भरणं आणि सोडणं यांची अदलाबदल होते आणि माणूस दिवसभर सॉफ्टवेअरला शिव्या देतो. सहाही नळ्यांना चिकटपट्टीवर क्रमांक लिहून लावा. लक्षात राहील असं म्हणू नका. नट सोडा आणि कॉलमची टोकं लगेच झाका, कारण आण्विक चाळणीचा कॉलम हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड शोषून धरून बसतो आणि मग त्याला रात्रभर भाजावं लागतं.

आता एक नळी हातात घ्या. बाहेरून दीड मिलिमीटरपेक्षा थोडी जाड. टोकावर जुनी फेरूल, म्हणजे नळीला धरणारं कडं, चावून बसलेली आहे. ती जुन्या व्हॉल्व्हच्या भोकात, त्या खोलीला बसली होती. नव्यात ती तशीच टेकेल असं नाही. टोक कापून टाका. पक्कड वापरू नका, भोक चिमटतं. कानशीच्या धारेनं भोवती खूण ओढा आणि दोन्ही बाजूंनी धरून वाकवा. नळी त्या खुणेवर तुटते. मग भिंगाखाली टोक धरा. भोक गोल दिसतंय का? कडेला चकाकणारा कीस दिसतोय का? तो कीस म्हणजेच मघाशी ज्या कणाबद्दल बोललो तो कण. घासून काढा आणि आर्गॉननं फुंकून टाका, व्हॉल्व्हला जोडण्याआधी, तोंड मोकळ्या जागेत धरून. सहाही नळ्यांना हेच. तिसऱ्या-चौथ्या नळीला कंटाळा येतो. येऊ दे. पाचवीलाही भिंग लावा.

आता डबी उघडा. तोंडांवरची टोपणं एकेक करून, जी नळी जोडायची तिचंच काढा. व्हॉल्व्ह कोरडा फिरवून बघायचा मोह होईल, बघू नका. आत काय आहे ते अजून वायूनं धुऊन निघालेलं नाही.

नट आणि नवी फेरूल चढवून नळी भोकात घाला. तळ लागेपर्यंत आत ढकला. तळ लागल्याचं बोटाला कळतं, एक छोटा ठाम थांबा. तसंच धरून ठेवा आणि दुसऱ्या हातानं नट फिरवा, नुसत्या बोटांनी. आटे बरोबर बसले असतील तर नट स्वतःहून गेल्यासारखा जातो. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यातच अडला तर जोर लावू नका, काढा, पुन्हा सुरू करा. बोटांनी जाईल तेवढा गेल्यावर पाना लावा आणि हळू फिरवताना नळी हलवून बघत राहा. एका जागी फेरूल नळीला धरते, नळी बोटात फिरायची थांबते. तिथून पाव फेरा.

पाव फेऱ्यानंतर मनात येतं, आणखी थोडं. हे ‘आणखी थोडं’ नीट न्याहाळा. त्याला वायूशी काही घेणं नाही. ते आपल्या धास्तीचं समाधान आहे. जास्त आवळलेली फेरूल नळी चिमटते, भोकाची बैठक बिघडवते, आणि पुढच्या वेळी तिथं कुठलीच फेरूल नीट बसत नाही. पाना खाली ठेवा.

सहा नट झाले. आर्गॉन सुरू करा. बाहेर जाणारी तोंडं बुचं लावून बंद करा, दाब चढवा, मग पुरवठा तोडा आणि काट्यावर नजर ठेवा. साबणाचं पाणी लावू नका. भेग असेल तर तेच आत जाईल, मघाशी नायट्रोजन गेला तसंच. काटा टिकला म्हणजे बाहेरची भेग मोठी नाही, इतकंच कळलं. आतल्या गळतीसाठी एका मार्गात दाब द्या आणि दुसऱ्या मार्गाची नळी पाण्याच्या पेल्यात बुडवा. बुडबुडा येतो का बघत राहा. मूठ फिरवून दुसऱ्या स्थितीतही तेच करा.

फिलामेंट आणि ज्योत वायूनं सगळं धुऊन निघाल्यावरच लावायची. मग ओव्हन तापवा, रात्रभर तापलेला राहू द्या. धातू आणि पॉलिमर सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे आज थंडीत टिकलेला जोड उद्या निवल्यावर सैल सापडू शकतो. सकाळी पुन्हा थंड करून दाबाची चाचणी, मग ब्लँक, मग ठाऊक प्रमाणाचा स्टँडर्ड वायू लागोपाठ काही वेळा, पीकची क्षेत्रफळं जुळेपर्यंत. नव्या व्हॉल्व्हनं पीकच्या वेळा थोड्या सरकतात; त्याही नव्यानं लिहून घ्यायच्या.

इतक्यात फोन वाजेल. सबस्टेशनवरचा अभियंता असेल आणि विचारेल, “साहेब, ॲसिटिलीन आलं का हो?” नमुन्याची सिरिंज टेबलावर आहे, यंत्र चालू आहे, व्हॉल्व्ह नवा आहे. त्याला सांगा, उद्या दुपारनंतर फोन करा.