वेशीतला उपरा

स्कॉटलंडच्या वायव्येला, अटलांटिक महासागरात, लुइस आणि हॅरिस हे बेट आहे. नावे दोन, पण जमीन सलग. उत्तरेकडचा सखल, पीटच्या काळ्या दलदलीचा भाग म्हणजे लुइस. दक्षिणेकडचा डोंगरांचा आणि पांढऱ्या वाळूचा भाग म्हणजे हॅरिस. मुख्य भूमीवरच्या अलापूलहून बोट सुटली की अडीच-पावणेतीन तासांत स्टोर्नोवे बंदर येते. उन्हाळ्यात इथल्या एखाद्या वस्तीत आठवडाभर मुक्काम करणारा प्रवासी रोज चार ठिकाणे पालथी घालतो. कॅलनिश इथल्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या उभ्या शिळा, लस्कनटायरचा किनारा, मेंढ्या आडव्या येणारे एकेरी रस्ते. मग रविवार उजाडतो आणि त्याला करण्यासारखे काही उरत नाही.

त्या दिवशी बहुतेक दुकाने बंद असतात. शिळांपाशी जाता येते, पण शेजारचे माहिती केंद्र बंद असते. घराघरांतले माग थांबलेले असतात. हॅरिस ट्वीड हे कापड बेटवासीयांनी आपापल्या घरीच विणलेले असले पाहिजे, असा १९९३ चा कायदा आहे. त्यामुळे एरवी वस्तीतून जाताना कुठून तरी मागाचा खटखटाट कानावर येतो. रविवारी तो येत नाही. दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसत नाहीत. मुलांच्या बागेतले झोकेसुद्धा पूर्वी बांधून ठेवत. रविवारच्या जेवणाचे बटाटे शनिवारी रात्रीच सोलून ठेवायचे, ही जुन्या घरांची रीत. चर्चमध्ये मात्र गर्दी असते. तिथे वाद्य नसते. गेलिक भाषेतल्या स्तोत्राची एक ओळ प्रमुख गायक सांगतो आणि सगळी मंडळी ती उचलतात, प्रत्येक जण आपापल्या हरकती घेत, आपापल्या लयीत. परक्या माणसालाही ते ऐकताना जागचे हलवत नाही.

ज्याचा या धर्माशी संबंध नाही, ज्याने हा दिवस मागितलेला नाही, त्याच्या पदरात पडलेली ही स्वस्थता खरोखर विश्रांती म्हणायची का? की ती फक्त अडवणूक? प्रश्न प्रवासाच्या सोयीगैरसोयीचा वाटतो, पण त्याची पाळेमुळे फार जुन्या धर्मविचारात आहेत.

ज्या आज्ञेतून हा रविवार आला ती आज्ञा नीट वाचायला हवी, कारण तिच्यात पर्यटक येतो. बायबलमधल्या दहा आज्ञा निर्गम आणि अनुवाद अशा दोन पुस्तकांत आहेत. शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवसाच्या विश्रांतीची, आज्ञा केवळ ‘काम करू नका’ एवढे सांगून थांबत नाही. काम कोणी करायचे नाही याची ती यादी देते. घरधनी, त्याचा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि शेवटी गावाच्या वेशीच्या आत राहणारा उपरा. अनुवादाच्या पुस्तकात बैल आणि गाढव यांचा वेगळा उल्लेख आहे. यादीत पत्नी नाही. तिला घरधन्यातच धरले असेल. पण शनिवारी रात्री बटाटे कोण सोलत होते हे आठवले की ही उणीव टोचल्याशिवाय राहत नाही.

दोन्ही पुस्तके या आज्ञेची कारणे मात्र वेगळी देतात. निर्गमात कारण सृष्टीचे आहे: देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी तो थांबला, म्हणून माणसाने थांबायचे. अनुवादात कारण इतिहासाचे आहे: तुम्ही मिसर देशात गुलाम होता हे विसरू नका, म्हणून तुमच्या दासदासींना तुमच्यासारखीच विश्रांती मिळू द्या. हे दुसरे कारण विलक्षण आहे. विश्रांती ही मालकाची ऐपत नसून गुलामाचा हक्क आहे, असे ते सांगते. आणि उपऱ्याच्या बाबतीत त्याची निवड विचारलेलीच नाही. त्याच्याकडून काम करवून घ्यायचे नाही, ही जबाबदारी गावावर टाकली आहे.

रोमन जगाला हे पटणे कठीण गेले. तत्त्वज्ञ सेनेका याने ज्यू लोक आयुष्याचा सातवा हिस्सा आळसात घालवतात अशी टीका केली होती. ती संत ऑगस्टिनच्या ग्रंथामुळे आपल्यापर्यंत पोचली. पुढे सन ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवार हा सुट्टीचा वार ठरवला, तेव्हा न्यायाधीश, शहरी लोक आणि कारागीर यांनाच तो लागू केला. शेतकऱ्याला मोकळीक दिली, कारण पेरणीची किंवा द्राक्षवेलीच्या लागवडीची वेळ टळली की ती परत येत नाही. म्हणजे ज्या ग्रामीण जगाला सम्राटाने वगळले होते, त्याच जगाच्या एका टोकाला आज हा रविवार फार कडक पाळला जातो. लुइसवर तो आला सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर कन्फेशनमधून, म्हणजे स्कॉटिश चर्चच्या श्रद्धेच्या मसुद्यातून, आणि पक्का झाला १८४३ नंतर, चर्च दुभंगून ‘फ्री चर्च’ वेगळे झाले तेव्हा. त्या मसुद्यातही दोन प्रकारची कामे मान्य आहेत: अटळ आणि दयेची. गाईची धार काढायची, आजाऱ्याची सेवा करायची. करमणुकीला मात्र जागा नाही.

इथे प्रवाशाची अडचण अधिक खोल होते. तो आलेला असतो करमणुकीसाठीच. त्याच्या कार्यक्रमातही ‘आरामाचा दिवस’ असतो, पण तो पुढच्या दिवसाच्या धावपळीसाठी असतो: पाय मोकळे करायचे, कपडे धुवायचे, फोटो लावायचे, उद्याची तयारी. ॲरिस्टॉटलने हा भेद फार पूर्वी केला. खेळ आणि विरंगुळा पुन्हा काम करता यावे म्हणून असतात, असे त्याचे मत. खरी निवांत अवस्था मात्र कामासाठी नसते, काम तिच्यासाठी असते. जर्मन तत्त्वज्ञ योझेफ पीपर याने १९४८ साली, युद्धात उद्ध्वस्त झालेला देश पुन्हा उभारण्याची घाई चालली असताना, हाच मुद्दा पुन्हा मांडला आणि त्याची सांगड उपासनेशी घातली. कामातली मधली सुट्टी, मग ती तासाची असो वा आठवड्याची, कामाच्याच साखळीतली एक कडी राहते, असे त्याचे म्हणणे होते. या अर्थाने सहलीतला आरामाचा दिवस हा बहुतेक वेळा सहलीचाच भाग असतो. लुइसचा रविवार प्रवाशाला त्या साखळीबाहेर काढतो. मनाविरुद्ध काढतो, हे खरे.

मराठी प्रवाशाला हे सगळे परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या परंपरेत सातव्या दिवसाची सुट्टी नव्हती, पण अनध्याय होता. याज्ञवल्क्य स्मृतीत वेदाध्ययन थांबवण्याचे सदतीस तात्कालिक प्रसंग दिले आहेत आणि त्यांतला एक असा की, थोर माणूस घरी आला की पाठ बंद. तिथे पाहुणा सुट्टी घेऊन येतो. लुइसवर गाव पाहुण्याला आपली सुट्टी देते. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही, आदल्या दिवशी त्याची खांदेमळणी करायची, यामागेही तीच जाण आहे: राबणाऱ्याची सुट्टी राबवून घेणाऱ्याने पाळायची असते. आणि कोकणात तर खुद्द शब्बाथच होता. कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवत. हिब्रू ग्रंथांशी त्यांचा संबंध जवळपास तुटला होता, तरी शनिवारी घाणा बंद ठेवायची चाल त्यांनी शतकानुशतके सोडली नाही. गावाने त्यांना नाव दिले शनवार तेली. आजूबाजूचा बाजार चालू असताना त्यांनी आपला दिवस पाळला, ही गोष्ट लुइसच्या वादात महत्त्वाची आहे.

कारण लुइसवर रविवार सर्वांनी पाळावा का याचा वाद आहेच, आणि तो फक्त बाहेरच्यांनी केलेला नाही. स्टोर्नोवेला रविवारचे पहिले नियमित विमान २००२ साली उतरले. १९ जुलै २००९ रोजी अलापूलची बोट पहिल्यांदा रविवारी सुटली. धक्क्यावर शेकडो लोक तिला निरोप द्यायला जमले होते आणि थोडे लोक प्रार्थना करत विरोधासाठी उभे होते. बोट कंपनीने कायद्याकडे बोट दाखवले: धर्माच्या कारणावरून सेवा नाकारणे समतेच्या कायद्यात बसत नाही. बेटावरच राहणारे, चर्चला न जाणारे पालकही विचारतात की रविवारी पोहण्याचा तलाव बंद का. त्यांचा प्रश्न रास्त आहे. श्रद्धा लादता येत नाही, आणि लादलेली श्रद्धा ज्या देवासाठी लादली त्यालाही भूषणावह नसते. याच द्वीपसमूहात दक्षिणेला साउथ युइस्ट आणि बारा ही कॅथलिक बेटे आहेत. भाषा तीच गेलिक, पीट तोच, वारा तोच. तिथे मिस्सा झाल्यावर फुटबॉल खेळण्यात कोणाला पाप वाटत नाही. एकाच आज्ञेचे हे दोन अर्थ एका दिवसाच्या प्रवासात पाहता येतात.

तरीही ‘ज्याने त्याने आपल्या सोयीने सुट्टी घ्यावी’ हे उत्तर अपुरे पडते. सोव्हिएत संघात १९२९ साली काहीसे तसेच, म्हणजे प्रत्येकाला वेगळी सुट्टी देऊन, पाहिले गेले. यंत्रे अखंड चालावीत म्हणून पाच दिवसांचा आठवडा आला आणि कामगारांचे पाच गट पाडून प्रत्येकाला वेगळा सुट्टीचा दिवस दिला. हिशेबाने विश्रांती वाढली होती, सातातल्या एका दिवसाऐवजी पाचातला एक. पण नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या, मित्रांची तिसऱ्याच. लोकांनी तक्रारी केल्या, दोनच वर्षांत ती व्यवस्था बदलावी लागली आणि १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा आणि रविवार परत आले. जर्मनीत २००९ च्या डिसेंबरमध्ये घटनात्मक न्यायालयाने बर्लिनला नाताळपूर्वीचे चारही रविवार दुकाने उघडी ठेवण्यास मनाई केली, तेव्हा धर्माबरोबर हाही आधार घेतला: समाजाने एकाच वेळी थांबण्याला स्वतःचे मोल आहे.

एकत्र थांबण्याचे हे मोल आपल्याकडेही ओळखले गेले होते. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून साप्ताहिक सुट्टी मागितली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. सत्यशोधक असलेल्या लोखंड्यांनी चर्चचा आधार घेतला नाही. रविवार हा खंडोबाचा वार, आणि सहा दिवस पोटासाठी राबल्यावर एक दिवस समाजाच्या कामाला मिळाला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. त्यांनाही हवा होता तो सर्वांचा मिळून एक दिवस. एकेकट्याच्या सुट्टीत सभा भरत नाही.

म्हणून लुइसवर अडकलेल्या प्रवाशाने आपल्या कंटाळ्यापलीकडे पाहावे, असे वाटते. त्याला रविवारी कॉफी मिळाली नाही, तर ती करून देणारी बाई आपल्या घरी असते. तो आज्ञेच्या यादीत शेवटी येतो आणि त्याच्या आधी दास, दासी आणि बैल येतात. त्याच्या सुट्टीची किंमत त्यांनी चुकवायची नाही, एवढेच ती यादी मागते. श्रद्धा नसलेल्या माणसालाही हे मागणे मान्य करता येते. चर्चमध्ये जाण्याची सक्ती त्यात नाही. झोके बांधून ठेवण्याची तर मुळीच नाही. मूल झोक्यावर बसले तर कोणाच्याही मानेवर जू पडत नाही.

स्टोर्नोवेतल्या मोठ्या सुपरमार्केटने २०२४ च्या नोव्हेंबरपासून रविवारी दार उघडले. बाजूने बोलणाऱ्यांत दिवसभर नोकरी करणारी आणि फक्त शनिवार-रविवार मोकळी असलेली कुटुंबे होती, विरोधात सह्या करणाऱ्यांत चर्चला न जाणारेही होते. आता तिथे आठवडाभराच्या मुक्कामाला येणाऱ्याला रविवारी दूध, पाव, बॅटरी सगळे मिळते. गल्ल्यावर बसणाऱ्यांना, बोटीचे दोर सोडणाऱ्या खलाशांना बदलीची सुट्टी कोणत्या वारी मिळते आणि त्या वारी त्यांची मुले शाळेत असतात का, हे त्या दुकानात वस्तू घेताना विचारता येईल.