तारवाबाहेरची माणसे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या साडेतीन वर्षांच्या नातवासाठी नोहाच्या तारवाचे एक चित्रपुस्तक घरी आले होते. जाड पुठ्ठ्याची पाने, ठळक रंग, खिडक्यांतून डोकावणारे जिराफ आणि हत्ती, वर कमानदार इंद्रधनुष्य. मांडीवर बसून त्याने एकेक प्राणी ओळखला आणि मग विचारले, "आजी, बाकीची माणसं कुठं गेली?" मी घाईघाईने म्हणाले, "ती दुसऱ्या गावाला गेली." त्याने माझ्या हातातून पुस्तक घेतले आणि पान उलटून उलटून तो ते गाव शोधू लागला.

मी ओशाळले. वरवर पाहता शिशूंसाठी बायबलकथांची पुस्तके निवडणे ही बाजारहाटीतली एक साधी बाब आहे. किंमत, कागद आणि रंग पाहिले की झाले. त्या दिवशी मात्र मला जाणवले, की हा मुळात सत्याचा प्रश्न आहे. ज्या जिवाचा आपल्यावर पूर्ण विश्वास आहे, त्याला देवाविषयी सांगताना आपण काय गाळू शकतो आणि काय बदलू शकतो?

गाळण्यात दोष नाही. इ. स. ४०० च्या सुमारास कार्थेजच्या एका उपयाजकाने नवशिक्यांना श्रद्धेची ओळख कशी करून द्यावी, असे विचारले असता संत ऑगस्टीन यांनी त्याच्यासाठी एक छोटा ग्रंथच लिहिला. सारे धर्मग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत सांगत बसू नये. निवडक, विस्मयकारक प्रसंगांपाशी थांबावे आणि उरलेल्याचा धावता परामर्श घ्यावा, असा त्यांचा सल्ला होता. सांगणाऱ्याचे मन प्रसन्न असावे, यावरही त्यांचा भर होता. प्रौढांसाठी दिलेला हा सल्ला शिशूंना तर अधिकच लागू पडतो. इसहाकाचे बलिदान किंवा हेरोदाने केलेली बालहत्या या कथा मूल मोठे होईपर्यंत राखून ठेवल्या, तर त्यात धर्मग्रंथाशी प्रतारणा होत नाही.

बदलण्याचे तसे नाही. बालकांसाठीच्या मिस्साविधीविषयी रोमहून १९७३ साली मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. मुलांच्या आकलनासाठी एखादे वचन वगळावे लागले, तर ते सावधपणे वगळावे, मूळ अर्थाला आणि शैलीला धक्का लागू देऊ नये, आणि शास्त्रपाठाच्या जागी त्याचे सैल रूपांतर वाचणे टाळावे, असे तिच्यात म्हटले आहे. हा नियम उपासनेपुरता असला, तरी त्यामागचे तारतम्य घरालाही मार्गदर्शक आहे. न सांगितलेले पुढे सांगता येते. चुकीचे सांगितलेले मात्र आधी पुसावे लागते, आणि ते पुसताना सांगणाऱ्यावरचा विश्वासही थोडा पुसला जातो. आजीने सांगितलेले गाव कुठेच नव्हते, हे दहाव्या वर्षी कळलेला मुलगा तिने सांगितलेल्या रिकाम्या कबरेवर का विश्वास ठेवील?

"एवढ्याशा जिवाला काय कळतंय?" असे आपण म्हणतो. पण चित्र त्याला कळते. मार्सेच्या बिशपांनी चर्चमधील चित्रे फोडली, तेव्हा संत ग्रेगरी महान यांनी इ. स. ६०० मध्ये त्यांना पत्राने समजावले, की वाचणाऱ्याला जे अक्षर देते, ते निरक्षराला चित्र देते. शिशू हा घरातला निरक्षर वाचक आहे. म्हणून पुस्तक घेताना मजकुराइतकेच चित्रही तपासावे. एदेन बागेतल्या फळाला उत्पत्तीच्या पुस्तकात नाव नाही, मत्तयच्या शुभवर्तमानात मागी लोकांची संख्या नाही. तरीही सफरचंदाने किंवा तीन उंटांनी फारसे बिघडत नाही. परंतु प्रत्येक पानावरचा येशू सोनेरी केसांचा असेल, तर तो नाझरेथचा राहत नाही.

दुसरा धोका धाकाचा. काही पुस्तके प्रत्येक कथेला शिस्तीचा धडा चिकटवतात: योनाने ऐकले नाही, म्हणून माशाने त्याला गिळले, तूही ऐक! हाही बदलच आहे. योनाचे पुस्तक संपते ते देवाच्या करुणेवर. आपला उजवा-डावा हातही न ओळखणाऱ्या एक लाख वीस हजारांहून अधिक जिवांची आणि त्यांच्या गुराढोरांची देवाला कणव येते. डावे-उजवे अजून न कळणाऱ्या आपल्या मुलापासून आपण नेमका हाच शेवट का लपवावा?

चांगल्या साधनांना पैसे लागतातच असे नाही. सोफिया कावालेत्ती यांनी जाना गोब्बी यांच्यासह रोममध्ये १९५४ साली मुलांसोबत जे कार्य आरंभले, त्यात उत्तम मेंढपाळाच्या दृष्टांतासाठी लाकडाचा एक साधा मेंढवाडा आणि काही मेंढरे एवढेच साहित्य असते. आपल्या पालघर जिल्ह्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शिंपले यांतून बालशिक्षण उभे केले. प्रभूचे दृष्टांतही आपल्या घरातच आहेत. मिसळणाच्या डब्यातली मोहरी, चिमूटभर मीठ, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई: मुलाच्या हातात मोहरीचा दाणा ठेवून घरच्या बोलीत सांगितलेली कथा महागड्या संचापेक्षा खोल रुजते.

मोबाइलवरच्या चित्रफितींविषयी माझी तक्रार एवढीच, की मुलाच्या प्रश्नासाठी त्या आपणहून थांबत नाहीत. निर्गम आणि अनुवाद या पुस्तकांत इस्राएलच्या पित्यांना सांगितले आहे, की मुलगा विचारील तेव्हा त्याला सुटकेची हकिकत सांगा. तिथे कथेला मुलाच्या प्रश्नापासून सुरुवात होते. म्हणून ज्या पुस्तकापाशी मूल आपल्याला अडवते आणि त्याच्यासाठी आपण थांबू शकतो, ते पुस्तक चांगले.

नोहाची कथा मी आणखी दोन वर्षांनी सांगायला हवी होती. पण प्रश्न आला होता आणि माझे उत्तर खोटे होते. दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक घेऊन मी त्याला जवळ बसवले. म्हटले, "काल आजी चुकीचं बोलली. खूप पाणी आलं, त्यात ती माणसं वाचली नाहीत. त्यांचं वाईट वागणं पाहून देवाला मनातून फार दुःख झालं होतं. पुन्हा असा पूर आणणार नाही, असं त्यानं नंतर वचन दिलं." त्याने विचारले, "तुला पण वाईट वाटलं?" मी म्हणाले, "हो, वाटतं."

तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग जिराफाच्या पानाकडे वळला. ते गाव मात्र त्याने पुन्हा शोधले नाही.