नळी बदलली तर आजोबा उरतात का?

छत्रीच्या बाबतीत माणूस तत्त्वज्ञ होत नाही. काड्या बदला, कापड बदला, मूठ ठेवा, छत्री 'तीच'. पण इंदिरानगरातल्या आमच्या शेजारच्या नानांकडे आजोबांची पॉइंट टू-टूची रायफल आहे. एका वेळी एकच काडतूस घेणारी, रीतसर परवान्याची. आणि तिची नळी झिजली आहे.

नळीच्या आत पिळाचे आटे असतात. ते गोळीला भोवऱ्यासारखी गिरकी देतात, म्हणून ती सरळ जाते. (माणसाचं उलट. गिरकी आली की तो वाकडा जातो.) आटे झिजल्यामुळे रेंजवर नाना नेम धरतात आपल्या लक्ष्यावर आणि भोक पडतं शेजाऱ्याच्या. शेजाऱ्याचे गुण वाढतात.

बरं, ही झीज नेमबाजीची म्हणावी, तर या काडतुसाची गोळी मऊ शिशाची. ती पोलादाचं फारसं काही बिघडवत नाही. अशा नळ्यांचा घात करतात तो गंज आणि साफसफाईचा गज. नानांचे आजोबा दर रविवारी तोंडाकडून गज घालून नळी घासायचे. म्हणजे नळी खाल्ली ती मायेनं! आता ती बदलायची म्हणजे नक्की काय काढून टाकायचं?

आमच्या घरापासून पांडवलेणी जवळ. त्या डोंगराकडे पाहिलं की मला 'मिलिंदप्रश्न' आठवतो. त्यात नागसेन राजाला विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. आमचं सरकार मात्र मिलिंद राजाइतकं गोंधळत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच! दुरुस्तीसुद्धा परवानाधारकाकडेच. नागसेनाला इथे कोणी उभं केलं नसतं.

बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीनं यावर एक मधला मार्ग काढला होता. जुनी नळी आतून कोरायची आणि त्यात नवी पातळ नळी बसवायची. बाहेरून आजोबा, आतून बर्मिंगहॅम. नानांना तो पटेना. "चेहरा ठेवून आतडी बदलायची?"

मला विचाराल तर नानांचं खरं आहे. बँकेत म्हाताऱ्या पेन्शनरांच्या सह्या नमुन्याशी जुळत नाहीत, हात थरथरतो. आम्ही नवा नमुना घेतो, नवा हात आणा म्हणत नाही. शिवाय या रायफलीला आता करायचंय काय? आजोबांच्या वेळचे तितर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं सुटले.

अडचण एकच, नातवाची. त्याला स्पर्धेत पदक हवंय, आणि वाकड्या नळीला ते मिळणार नाही. पोराचं चूक म्हणता येत नाही. मी सुचवलं, त्यानं क्लबची रायफल वापरावी. पणजोबांच्या वडिलांना पदकासाठी राबवू नये.

नाना अजून रविवारी गज काढतात. म्हटलं, "नाना, हळू. राहिलेले आजोबाही झिजतील."

"झिजू देत," नाना म्हणाले, "थोडी माझीही झीज येऊ दे की त्यात."