तितिक्षा आणि सुटकेची ओढ

श्रीगोंद्यास आमचे कीर्तन झाले. आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगली, तरी एक गृहस्थ खांबापाशी बसूनच होते. पतसंस्थेत वसुलीचे काम करतात. म्हणाले, "महाराज, ज्यांच्या पंगतीला जेवलो त्यांच्याच दारात थकबाकीची नोटीस घेऊन उभे राहायचे. वरून साहेबांचा फोन, समोरून शिव्या. सकाळी उठलो की छातीत धडधड. सोडावी म्हणतो, पण घराचे हप्ते आहेत, पोरीचे शिक्षण आहे. अजून दोन वर्षे तरी सुटका नाही. काय करू?"

उत्तर आमच्या तोंडात तयार होते : देवाने ठेवले तसे राहावे, समाधान मानावे. आजवर हेच सांगत आलो. पण त्या दिवशी जीभ उचलेना. कारण आम्हीही एके काळी अशाच खोड्यात होतो. पाठशाळा संपवून घरी आलो, तो वडिलांचे कर्ज पुढे उभे. एका आडतीवर लिंबांच्या पट्ट्या लिहायला बसलो. मालक दिवसभर खेकसायचा, आम्ही मान खाली घालून लिहायचो, आणि संध्याकाळी तेच खेकसणे घरी नेऊन आईवर काढायचो. त्या वेळी 'समाधान मान' असे कोणी म्हणाले असते, तर त्याचा रागच आला असता.

लोक दोनच गोष्टी सांगतात. एक म्हणतो, सोस. दुसरा म्हणतो, लाथ मार. शास्त्र मात्र तसे म्हणत नाही. वेदान्तात साधकाची जी चार साधने सांगितली आहेत, त्यांत शमदमादि षट्कामध्ये तितिक्षा आहे, आणि चौथे साधन मुमुक्षुत्व. तितिक्षा म्हणजे दुःखाची चिंता व विलाप न करता ते सोसणे; मुमुक्षुत्व म्हणजे सुटण्याची ओढ. दोन्ही एकाच माणसाकडून अपेक्षिली आहेत! ओढ नसलेले सोसणे हे घाण्याच्या बैलाचे. सोसणे नसलेली ओढ हा नुसता त्रागा.

श्रीगोंद्याच्या ज्या शेख महंमदबाबांच्या समाधीपुढे आपण माथा टेकतो, त्यांचे गुरू चांद बोधले. परंपरा सांगते की जनार्दनस्वामींचेही गुरू तेच. हे जनार्दनस्वामी निजामशाहीत देवगिरीचे किल्लेदार. किल्लेदारी म्हणजे काही देवघर नव्हे. हिशेब, शिबंदी, वरच्यांची मर्जी, सारेच आले. तरी गुरुवार त्यांनी उपासनेसाठी राखला होता, असे चरित्रांतून सांगतात. त्यांच्याच पदरी एकनाथ हिशेब लिहीत. एका पैची चूक शोधायला नाथ रात्रभर जागले आणि सापडताच आनंदाने टाळी वाजवली, ही कथा आपण सारेच सांगतो. गुरूंनी मात्र पैचे कौतुक केले नाही. हेच चित्त देवाकडे लाव, म्हणाले. म्हणजे काय? हिशेब सरकारचा, पण चित्त नाथांचे. धनी आपले हात आणि तास विकत घेतो. चित्त आपणच त्याला फुकट देऊन बसतो.

त्या गृहस्थांना आम्ही एवढेच सांगितले. नोटीस द्यावी लागेल, पण ती देताना तोंड कसे ठेवायचे हे साहेबाच्या हाती नाही. खोटी नोंद कर, चारचौघांत कोणाची अब्रू काढ, असे सांगितले तर मात्र तिथे तितिक्षा संपली. मग हप्त्यांचे काहीही होवो, नाहीच म्हणायचे. उरलेले हप्ते वहीत मांडा, दर महिन्यास एक खोडा, आणि दुसऱ्या कामाचा शोध आजपासून ठेवा. 'अजून' या शब्दाला आकडा असला म्हणजे धीर टिकतो. छातीची धडधड वैद्याला दाखवा. तिथे लाजू नका. आणि घरी गेल्यावर पाय धुताना थोडे थांबा. उंबऱ्याच्या आत काय न्यायचे ते तिथे ठरवा.

ते म्हणाले, "महाराज, तुम्ही असे थांबत होता?"

नव्हतो. कर्ज फिटले त्या दिवशी आम्ही आडत सोडली. एका दिवसात सुटली. ते खेकसणे सुटायला मात्र पुढे कित्येक वर्षे लागली, आणि तोवर आई राहिली नव्हती.