काठाखालची नक्षी

आज काही पुरं करायची घाई नको. एक स्टूल ओढून घ्या आणि कामाच्या बाकापाशी नुसते बसा. फेब्रुवारी आहे. बाहेर ओंटारिओतला बर्फ गुडघाभर साचलाय, पीटरबरो गावातून वाहणारी ओटोनाबी नदी कडेकडेनं गोठलीय. आत, या गॅरेजात, छोटा हीटर चालू आहे. मधोमध साच्यांची रांग उभी आहे, फूट-फूट अंतरानं रोवलेली. त्यांच्यावर एक कनू, म्हणजे वल्ह्यानं चालवायची निमुळती नाव, आकार घेतेय, पालथी. अजून तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोनच पट्ट्या बसल्यात.

आधी वास घ्या. रेड सीडरचा हा वास गोडसर आहे, थोडा मिरीसारखा तिखट. करवत चालू नाही तोवरच तो असा मोकळेपणानं घ्यायचा. या लाकडाची बारीक धूळ छातीत गेली तर दमा जडू शकतो. करवतीला हात लावण्याआधी मास्क. हे सांगणं मननात बसत नाही असं कुणाला वाटेल, पण छाती सांभाळणं हाही लक्ष देण्याचाच भाग आहे.

आता बाकावरची एक साधी पट्टी उचला. सहा मिलिमीटर जाड, १९ मिलिमीटर रुंद, पाच मीटरहून लांब. मध्यावर धरा. दोन्ही टोकं आपसूक खाली झुकतील, ओल्या फांदीसारखी. तिच्या एका कडेवरून बोट फिरवा, ती फुगीर लागेल. दुसरी कड खोलगट. एकीची फुगीर कड दुसरीच्या खोलगट कडेत बसते, म्हणून नावेच्या वळणावरही फट राहत नाही. अशा सत्तरच्या आसपास पट्ट्या एकमेकींना चिकटल्या की एक कनू होते. अशा कनूला आतून फासळ्या नसतात. पातळ सीडर आणि त्याच्या दोन्ही अंगांना इपॉक्सीत भिजवलेलं फायबरग्लासचं कापड, एवढ्यावर ती तरते. हौशी माणसाला गॅरेजात बसून हे जमेल असा धीर पुष्कळांना दिला तो टेड मूर्स यांच्या ‘कनूक्राफ्ट’ या १९८३ च्या पुस्तकानं.

त्या सत्तरांतल्या दोन पट्ट्या, डावीकडची एक आणि उजवीकडची एक, आज तुम्ही वेगळ्या करणार आहात. काठाखाली तिसऱ्या जागेवर बसणाऱ्या, नक्षीच्या. ही नक्षी वर चिकटवायची नाही आणि रंगवायचीही नाही. तिसरी पट्टी म्हणजे नावेची भिंतच, तेवढ्या जागी दुसरं काही नाही. मनात फक्त हेच धरून ठेवा. बाकीचं हातांना कळत जाईल.

बाकावर तीन लाकडं मांडलीत: सीडर, मेपल आणि काळा अक्रोड. कोरडी असताना तिन्ही थोडी धुरकट, थोडी सारखीच दिसतात. एक फडकं पाण्यात भिजवा, पिळा आणि अक्रोडावरून एकदाच फिरवा.

थांबा. बघा.

तपकिरी रंगात जांभळी झाक उठते. ज्या रेषा दिसत नव्हत्या त्या आता नदीच्या नकाशासारख्या दिसतात. मग मेपल. त्यात फार काही होत नाही, सायीचा रंग जरा उबदार होतो, इतकंच. मग सीडरचे चार तुकडे एकामागून एक. एक पेंढ्याच्या रंगाचा निघतो, एक विटकरी, एक थेट चॉकलेटी, आणि चौथ्यात हे तिन्ही रंग एकाच फळीत. पाणी आता जे दाखवतंय तेच पुढे इपॉक्सी कायमचं धरून ठेवणार आहे. पण तेवढ्यात पाणी सुकतं आणि सगळं पुन्हा धुरकट होतं. हे तीनदा करा. तिसऱ्या वेळी फडकं फिरवण्याआधीच तुम्हाला आतला रंग दिसू लागलेला असेल.

आता ओला अक्रोड आणि ओला मेपल शेजारी ठेवा आणि मागे सरका. गॅरेजच्या दारापर्यंत जा. दोघांमधला फरक अजून वाचता येतो का? कनू बहुतेक वेळा लांबून पाहिली जाते, पलीकडच्या किनाऱ्यावरून, सकाळच्या धुक्यातून. बाकावर वाकून केलेली बारीक नक्षी तिथून नुसती मळकी रेघ होते. म्हणून माझा कल मोठ्या तुकड्यांकडे असतो. अंगठ्याच्या रुंदीचा, २५ मिलिमीटरचा एक तुकडा काळा, तेवढाच एक पांढरा, आणि सगळे पुढच्या टोकाकडे किंचित झुकलेले. आपल्याकडचे खलाशी गलबताच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, मीही इथे तोच शब्द वापरतो. नाळेकडे झुकलेली नक्षी उभ्या नावेलाही चालतं ठेवते.

तुकडे कापताना पातं कलतं करायचं, म्हणजे कडा तिरक्या येतात. मग काळा, पांढरा, काळा, पांढरा असे ते शेजारी-शेजारी चिकटवत साठ सेंटीमीटर लांबीची एक पट्टेरी फळी करायची. तिची जाडी १३ मिलिमीटर. तिच्या वर तीन मिलिमीटरचा मेपलचा सलग थर आणि खाली तसाच दुसरा. तेरा आणि तीन आणि तीन: १९. पट्टीची रुंदी आली.

वरखालचे हे दोन थर देखणे दिसतात, नक्षीला वहीच्या समासासारखी सीमा देतात. पण ते तिथे असण्याचं कारण वेगळं आहे. ते समजून घ्यायला एक पट्टी मुद्दाम मोडायची. सलग थरांशिवाय केलेला एक पातळ काप मी याचसाठी बाजूला ठेवलाय. दोन्ही हातांत धरा आणि हळूहळू वाकवा. वाकतोय असं वाटतं तोच, कट्. तुटलेल्या जागी बघा. नक्षीच्या तुकड्यांतले लाकडाचे धागे आडवे आहेत, पट्टीच्या लांबीला ते साथ देत नाहीत. आता थर असलेला काप घ्या. तोच बाक, तेवढाच जोर. हा वाकतो आणि सोडला की परततो, कारण वरून आणि खालून मेपलचे लांब धागे सबंध लांबीभर धावतात. नक्षीला नावेच्या कामातून सूट नाही. शेजारच्या साध्या सीडरइतकंच तिलाही वळायचंय, आणि पाण्याचा दाब आला की तिथेच राहायचंय.

या भागातल्या अनिशिनाबे लोकांच्या भूर्जाच्या सालीच्या कनूंमध्ये नक्षी आणि भिंत एकच असण्याची ही गोष्ट फार पूर्वीपासून आहे. हिवाळ्याच्या शेवटी काढलेल्या सालीच्या आतल्या अंगाला गडद तपकिरी पापुद्रा असतो. साल नावेवर चढवताना ते आतलं अंग बाहेर येतं. तो पापुद्रा ओला करून खरवडला की खालचा फिका रंग उघडा पडतो, आणि जिथे राखला तिथे पानं, प्राणी, आकृत्या उमटतात. जी साल पाणी अडवते तीच चित्राचा कागद होते. इथल्या कनू संग्रहालयात, म्हणजे कॅनेडियन कनू म्युझियममध्ये, सहाशेहून अधिक होड्या आहेत. तिथे हिंडताना मी खरवडलेल्या सालीपाशीच सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो. मला येवल्याच्या मागावरची पैठणी आठवली. तिच्या पदरावरची नक्षीही विणतानाच वस्त्रात येते, मागून जोडावी लागत नाही, आणि पदर उलटा केला तरी ती तशीच दिसते.

सरस लावून शिकंजे आवळले की करण्यासारखं काही उरत नाही. रात्रभर थांबायचं. हीटर मात्र बंद करू नका. गारठ्यात हा सरस खडूसारखा पांढरा पडतो आणि धरत नाही. बसा थोडे. शिकंज्यांखालून सरसाचे मणी बाहेर आलेत, सांध्यांवर ओळीनं. त्यांना आत्ता पुसू नका, अर्धवट सुकले की पटाशीनं ते सहज निघतात. एक मणी निवडा आणि तो दुधी रंगावरून पारदर्शक व्हायला लागेतो बघत राहा. बराच वेळ लागतो. दुसरं कुठे जायचंय?

सकाळी मास्क, चष्मा आणि करवत. फळी १८ सेंटीमीटर रुंद आहे. तिचे सहा-सहा मिलिमीटरचे काप काढायचे. पण करवतीचं पातं स्वतःसाठी दर वेळी तीन मिलिमीटर घेतं. वीस काप निघतात, म्हणजे १२० मिलिमीटर पट्टी झाली आणि ६० मिलिमीटरचा भुसा झाला. एवढ्या निगुतीनं चिकटवलेल्या फळीचा तिसरा हिस्सा जमिनीवर, काळा-पांढरा मिसळून राखाडी. पहिल्यांदा मला ते सोसलं नव्हतं. आता मी झाडण्याआधी त्याची मूठ भरून घेतो आणि बघतो. तुम्हीही बघा. मऊ आहे. पातं गेलं नसतं तर आतली नक्षी उघडलीच नसती, ती फळीच्या पोटात तशीच मिटून राहिली असती.

काप निघतील त्याच क्रमानं मांडा आणि पेन्सिलीनं आकडे घाला. एक आणि दोन हे सख्खे शेजारी. त्यांच्यातली एखादी रेघसुद्धा सारखी असते. एक डाव्या बाजूला, दोन उजव्या बाजूला, त्याच जागी. तीन-चार, पाच-सहा, तसेच. साठ सेंटीमीटरचे वीस काप म्हणजे १२ मीटर, दोन्ही बाजूंना पुरून थोडे उरतात. त्यांना जोडताना सांधा काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर आणायचा, म्हणजे तो नक्षीतच मिसळतो.

आता सावकाश. इथे घाई केली तर नाव असेपर्यंत तसंच राहतं. डाव्या बाजूचे पट्टे नाळेकडे झुकलेत, उजव्या बाजूचेही नाळेकडेच झुकायला हवेत. म्हणून उजवीकडचा काप पालटायचा, पुस्तकाचं पान उलटावं तसा. शिवाय कनू पालथी आहे. आत्ता जमिनीकडे असलेली कड उद्या आभाळाकडे असणार आहे. माझ्या पहिल्या कनूवर मी हे विसरलो. साच्यांवर जे डोळ्यांना बरोबर दिसलं तसे पट्टे बसवले, आणि नाव सुलटी झाली तेव्हा सगळी नक्षी मागे रेललेली होती. ती कनू आजही तशीच आहे आणि मला ती प्रिय आहे, पण तिच्याकडे पाहताना दर वेळी पोटात एक बारीक कळ येते. म्हणून डोळे मिटा. मनातल्या मनात नाव उचला, फिरवा, पाण्यावर ठेवा. नाळ कुठे आहे? पट्टे कुठे झुकलेत? उत्तर दोनदा तेच आलं की डोळे उघडा आणि सरसाची बाटली घ्या.

पुढचे आठवडे सीडरचे आहेत. एकीवर एक साध्या पट्ट्या चढत जातात आणि तुमची नक्षी सरसाच्या ओघळांखाली, धुळीखाली हरवते. मग घासणं. सीडर मऊ आणि मेपल कठीण, त्यामुळे पॉलिश पेपर सीडर भराभर खातो आणि नक्षी उंचवट्यासारखी वर राहते. लांब फळीला कागद लावून, दोन्हींवरून एकाच झेपेत, तिरकं घासायचं. तळहात सपाट ठेवून फिरवत राहा. डोळ्यांना जे दिसत नाही ते तळव्याला लागतं.

मग एका दिवशी कोरडं फायबरग्लासचं कापड नावेवर पसरलं जातं, पांढरं, आणि खालचं काहीच दिसेनासं होतं. इपॉक्सी ओता, रबरी पट्टीनं हलके पुढे ढकला. कापड भिजतं आणि डोळ्यांसमोर नाहीसं होतं. ओल्या फडक्यानं त्या दिवशी दाखवलेला जांभळा अक्रोड वर येतो. या वेळी सुकला तरी तो जाणार नाही.

इपॉक्सी कडक झाली की दोघांनी मिळून नाव उचलायची, साच्यांवरून सोडवायची आणि सुलटी करून पाळण्यात ठेवायची. वाकून आत बघा. आतला सीडर अजून फिका, खडबडीत आहे, सरसाचे डाग आहेत. पण काठाखाली, तिसऱ्या जागेवर, तीच नक्षी आहे. वल्हवणाऱ्याला बाहेरची बाजू दिसत नाही, त्याच्या गुडघ्याशी असणार आहे ती ही. पट्टे आतूनही नाळेकडेच झुकलेत. फडकं भिजवा, पिळा आणि त्यांच्यावरून एकदा फिरवा.